काळ्यावरचा पांढरा ठिपका

बावीस वर्षं मी माहितीपत्रकं लिहून पोट भरतो आहे. पाण्याचे पंप, गाद्या, केसांची तेलं, नाच शिकवायचे वर्ग. यांतलं मी काहीही पाहिलेलं नाही. पाहिलं की लिहिता येत नाही, असा माझा अनुभव आहे. गादीवर आडवा झालेला माणूस गादीबद्दल फार तर दोन वाक्यं लिहील, आणि दुसऱ्याच्या मध्यावर घोरायला लागेल.

त्यामुळे ताईचा फोन आला तेव्हा मी काही घाबरलो नाही.

"एक माहितीपत्रक हवंय," ती म्हणाली. "छापील. पुढच्या गुरुवारी दुपारी तीनच्या आत."

"कशाचं?"

"माझं."

ताई ही माझी सख्खी मोठी बहीण. तिचं रफूचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक दार, एक खिडकी आणि मध्ये ताई. लोक जळलेले, फाटलेले, कसरीनं खाल्लेले कपडे आणून देतात, आणि ताई त्यांतली भोकं अशी विणून बुजवते की भोक होतं कुठे ते सांगता येऊ नये. एकतीस वर्षं ती हेच करते आहे. पण हल्ली कपडा फाटला की लोक कपडा टाकतात, आणि ताईकडे दिवसाला एखादंच भोक येतं.

तेवढ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. तयार कपड्यांच्या एका तीनमजली दुकानानं तिला पँटी आखूड करायच्या टेबलावर नोकरी देऊ केली, उत्तर पहिल्या तारखेच्या आत. आणि शहरातल्या जुन्या नाट्यगृहाला आपला कपडेपट सांभाळायला बाराही महिने रफू करणारं माणूस हवं झालं. तिथे म्हणे शंभर-शंभर वर्षांचे झगे आणि मखमली कोट आहेत. अर्ज तिघांचे. समितीत माणसं सात. आणि समितीच ती, तिला प्रत्येकाच्या हातात एकेक माहितीपत्रक हवं.

"आणि नाही मिळालं तर?" मी विचारलं.

"तर पँटी. खालून चार बोटं कापायची आणि टीप मारायची. डोळे मिटून होईल. मग या डोळ्यांचं काय लोणचं घालू?"

मी तासाभरात मजकूर लिहून नेला. 'परंपरा, विश्वास आणि गुणवत्ता यांच्या धाग्यांनी विणलेलं एक नातं.' ताईनं तो उभ्यानंच वाचला.

"यात भोक कुठाय?"

"भोक?"

"लोक माझ्याकडे भोक घेऊन येतात रे. विश्वास घेऊन अजून कोणी आलेलं नाही." तिनं कागद खाली ठेवला. "मी रफू कुठल्या बाजूनं करते? कापडाच्या वरच्या, की उलट्या?"

मी त्या दुकानात शेकडो वेळा बसलो होतो. चहा घेतला होता, पेपर वाचला होता, पाऊस थांबायची वाट पाहिली होती.

"उलट्या," मी म्हणालो.

"रविवारी ये. आणि बाबांचा कोट घेऊन ये."

बाबांचा काळा लोकरी कोट गेली दहा वर्षं माझ्या अंगावर आहे. त्याला डाव्या खिशाखाली सिगारेटचं एक भोक पडलं होतं. मी सिगारेट सोडल्याचं घरी जाहीर केलं त्यानंतरच्या आठवड्यातलं ते भोक, त्यामुळे महिनाभर मी डावा हात तिथे ठेवूनच वावरत होतो. बायकोला वाटत होतं मला पोटाचं काहीतरी झालंय.

ताईला माझा कोट हवा होता याला कारण होतं. तिला काम शिकवलेल्या म्हाताऱ्या उस्तादांचा एक नियम होता: गिऱ्हाईकाचं भोक बाहेर सांगायचं नाही. ताई हा नियम इतका पाळते, की रस्त्यात गिऱ्हाईक समोरून आलं आणि अंगावर तोच कपडा असला, तर ती ओळखच देत नाही. तेव्हा माहितीपत्रकात 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो घालायचे, तर भोक घरातलंच हवं होतं, आणि माझ्या हाताखालचं तिनं केव्हाच ओळखलं होतं.

रविवारी सकाळी मी 'आधी'चा फोटो काढला. काळा कोट, आणि भोकातून दिसणारं पांढरट अस्तर. मग स्टुलावर बसलो आणि सवयीनं पेपर उघडला.

ताईनं कोटाच्या खालच्या दुमडीची शिवण उसवली आणि आतल्या शिल्लक कापडातून एकेक धागा ओढून काढला. कोटाचं भोक कोटाच्याच धाग्यानं भरायचं. ते धागे तिनं पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडले आणि कोटापेक्षा जास्त काळे होते ते बाजूला केले. मग एक पितळी, घडीचं भिंग काढलं. त्याला खाली इंचभर चौकोनी खिडकी असते. ते कापडावर ठेवून ती सुईच्या टोकानं मोजायला लागली.

"बावन्न उभे, अठ्ठेचाळीस आडवे," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे.

मग तिनं कात्री घेतली आणि भोक मोठं केलं.

"अगं!"

"जळलेल्यावर काही उभं राहत नाही."

मसुरीएवढं भोक वाटाण्याएवढं झालं. मग ती सुई घेऊन वरच्या बाजूनं आत शिरली. होय, वरच्या. एकेक धागा भोकाच्या बराच अलीकडे चांगल्या कापडात घालायचा, तिथल्या धाग्यांच्या पावलावर पाऊल टाकत भोकाच्या काठाशी आणायचा, मोकळ्या जागेतून पलीकडे न्यायचा आणि परत चांगल्या कापडात बराच आत नेऊन सोडून द्यायचा. गाठ नाही. उभे धागे झाले की आडवे: दोनांच्या वरून, दोनांच्या खालून, आणि पुढची ओळ एक घर सरकून, कारण कोटाची वीण तशी तिरपी होती. सुई काठावरून निघाली की ताईचा श्वास थांबे, पलीकडे पोचली की सुटे. तासाभरानं माझ्या लक्षात आलं की मीही तिच्याबरोबर श्वास धरून बसलोय, आणि पेपर जमिनीवर पडलाय. तो मी उचलला नाही. मला भीती वाटली की मी वाकलो तर तिकडे एखादा धागा चुकेल.

साडेतीन वाजता तिनं ओला फडका टाकून इस्त्री फिरवली, अंगठ्याच्या नखानं कापड घासलं आणि कोट माझ्या मांडीवर टाकला.

"शोध."

ते भोक मीच पाडलं होतं. महिनाभर मी ते हाताखाली घेऊन फिरलो होतो. ते कुठे आहे हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी उजेडात धरून पाहिलं, तिरपं धरून पाहिलं, डोळे मिटून बोटानं चाचपलं. तिथे कापड होतं. जन्मल्यापासून कापड असलेलं कापड.

"इथे," मी शेवटी अंदाजानं म्हणालो.

"दोन बोटं खाली," ताई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

त्या रात्री मला काही लिहिता आलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. सकाळी दोनच वाक्यं हाताला लागली: 'फाटलेलं घेऊन या. कुठे फाटलं होतं, हे नंतर तुम्हालाही सांगता येणार नाही.' शिवाय मागच्या पानावर परंपरा आणि विश्वासाचं ते वाक्य मी ठेवलं. माणूस एकदम सुधारत नाही.

छपाईला मी नेहमीच्या छापखान्यात गेलो, ताईला घेऊन. तिथल्या मालकाला सगळे 'डागदर' म्हणतात. वैद्यकीशी त्याचा संबंध नाही, तो डाग शोधतो. छपाईत कागदावर धुळीचा कण बसला की काळ्या भागात पांढरा ठिपका उमटतो. त्या ठिपक्याशी डागदरचं तीस वर्षांचं वैर आहे. त्याच्या छापखान्यातून असा एक ठिपका बाहेर गेलाय हे कोणी सिद्ध केलं, तर तो बहुधा गाव सोडेल.

डागदरनं दुसऱ्या कुठल्यातरी कामाचा छापील तुकडा ताईपुढे धरला आणि खिशातून भिंग काढलं. पितळी, घडीचं, खाली इंचभर चौकोनी खिडकी.

ताईनं पिशवीतून आपलं काढलं. दोघांनी एकमेकांच्या भिंगांकडे पाहिलं. जत्रेत हरवलेली जुळी भावंडं भेटावीत तसा देखावा होता.

"तुमचं कशाला?"

"धागे मोजायला. तुमचं?"

"ठिपके."

तिनं त्याच्या भिंगातून पाहिलं, मग मला पाहू दिलं. कागदावर एका बाईचा गाल होता. भिंगाखाली गाल नव्हताच. निळे, लाल, पिवळे, काळे ठिपके होते, तिरप्या रांगांनी, एकमेकांच्या मधल्या जागेत नेमके बसलेले. भिंग काढलं की गाल. ठेवलं की ठिपके. मी हे सात-आठ वेळा केलं. या छापखान्यात मी बावीस वर्षं येतोय.

"हेही विणलेलंच आहे की," ताई म्हणाली.

"तर काय," डागदर म्हणाला. त्याला इतक्या वर्षांत कोणी असं म्हटलं नसावं, कारण तो उगीचच टेबल पुसायला लागला.

मंगळवारी तपासायची प्रत आली. आम्ही तिघांनी ती पाहिली आणि तिघांनी सह्या केल्या. बुधवारी तीनशे प्रती छापून झाल्या. गुरुवारी अकरा वाजता आम्ही गठ्ठा सोडला, तेव्हा 'आधी'च्या फोटोत एक धड काळा कोट होता, आणि 'नंतर'च्या फोटोत एक धड काळा कोट होता.



"भोक कुठाय?" ताईनं विचारलं.

"कसलं भोक?" डागदर म्हणाला. "एक पांढरा ठिपका होता, काळ्यावर. तो काढला मी. त्याचे वेगळे पैसे नाही लावले."

"तो ठिपका नव्हता हो. तो माझा धंदा होता."

मग सगळं उलगडलं. डागदरनं भोक पाहिलं आणि जन्माच्या सवयीनं पुसलं. मी सही करताना फक्त माझा मजकूर वाचला होता. मी फोटो पाहतच नाही. आणि बायकोच्या नजरेला पडेल असं ते भोक निरखायची मला हौसही नव्हती. ताईनं भिंग लावून पाहिलं होतं, पण फक्त 'नंतर'चा फोटो, आपलं काम कुठे दिसत तर नाही ना, एवढ्यासाठी. तिघांच्याही नजरा तयारीच्या, आणि भोक तिघांच्या मधून निघून गेलं.

"परत छापतो," डागदर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "पण शाई वाळायला संध्याकाळ होईल. आता घडी घातली तर सगळं बरबटेल."

"तीनला समिती आहे," मी म्हणालो.

ताईनं एक प्रत उचलली, 'आधी'च्या फोटोवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळली.

"सिगारेट काढ."

"मी सोडली आहे."

"काढ."

छापखान्यात आग न्यायची नाही, म्हणून आम्ही फुटपाथवर उभे राहिलो. तीन पोक्त माणसं, हातात कोरी करकरीत माहितीपत्रकं. डागदरनं तोंड फिरवलं. पहिलं भोक मी फार मोठं पाडलं.

"दाबू नकोस, नुसतं टेकव," ताई म्हणाली. "कोटाला पाडलंस तसंच."

"ते चुकून पडलं होतं."

"मग आत्ताही चुकून पाड."

सात प्रतींना सात भोकं पडली, तपकिरी काठांची, पहिलं सोडून मसुरीएवढी. ती पाठीमागच्या पानावर नेमकी 'परंपरा' या शब्दातून बाहेर आली. ताईनं ते पाहिलं आणि काही बोलली नाही. बहिणीचं प्रेम असं असतं.

नाट्यगृहाची समिती वरच्या मजल्यावर, लांब टेबलाशी बसली होती. बाकीच्या दोघांची माहितीपत्रकं आधीच वाटलेली होती, गुळगुळीत आणि जाडजूड. टेबलाच्या कोपऱ्याशी कपडेपट सांभाळणाऱ्या बाई होत्या. सत्तरीच्या आसपास, गळ्यात मोजपट्टी. अध्यक्षांनी आमची प्रत उघडली.

"हा कागद जळलाय."

"हो," ताई म्हणाली. "ते आधीचं."

"आणि नंतरचं?"

ताईनं उजव्या फोटोकडे बोट केलं. अध्यक्षांनी भोकाला बोट लावून पाहिलं, मग उजव्या फोटोवरून बोट फिरवलं. एकेक करून बाकीच्यांनीही तेच केलं. बावीस वर्षांत माझं माहितीपत्रक सात माणसांनी इतका वेळ हातात धरलेलं मी पाहिलं नव्हतं.

कपडेपटाच्या बाईंनी खिशातून भिंग काढलं. तसंच, पितळी. मी आता चकित व्हायचं सोडून दिलं होतं.

"ठिपके आहेत नुसते," त्या म्हणाल्या. "फोटोवर माझा विश्वास नाही. कोट कुठाय?"

कोट माझ्या अंगावर होता. मी तो काढला. आतल्या सदऱ्याचं एक बटण तुटलेलं होतं. सख्खी बहीण सुईदोऱ्याच्या धंद्यात असल्याचा याहून भक्कम पुरावा मिळणार नाही.

बाईंनी कोट खिडकीशी टेबलावर पसरला आणि कडेपासून सुरुवात केली. भिंग इंचभर पुढे, थांबायचं, परत इंचभर पुढे. डावा खिसा आला. मी छताकडे पाहिलं. डावा खिसा गेला. कोणी खोकलंसुद्धा नाही. मग त्या बाह्यांवर गेल्या आणि डाव्या कोपराच्या मागच्या बाजूला थांबल्या.

"सापडलं."

"तिथे नाहीये," ताई म्हणाली.

"इथे आहे. या, बघा."

ताई उठली, स्वतःचं भिंग लावलं आणि वाकली. ती इतका वेळ वाकून राहिली की अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मी तिच्या बाजूला गेलो. तिनं भिंगावरून डोकं बाजूला घेतलं.

साध्या डोळ्यांना तो कोट काळा दिसे. भिंगाखाली तो काळा नव्हता. चाळीस वर्षांच्या उन्हानं त्याचा रंग गंजावर गेला होता. आणि त्या विटलेल्या विणीत, कोपराच्या घडीवर, नखाएवढ्या जागेत काही रेषा कुळकुळीत काळ्या होत्या. दोनांच्या वरून, दोनांच्या खालून, एक घर सरकून. त्यांच्यावर खिडकीतला उजेड चमकत होता.

"हे माझं काम नाही," ताई म्हणाली. "आणि हा धागा नाही. केस आहे."

बाईंनी मोजपट्टी हातात गुंडाळली आणि तशीच धरून ठेवली.

"कोणाचा?"

"कोट बाबांचा," ताई म्हणाली. "केस आईचे असणार."

आमच्या आईला आम्ही बटणं लावताना पाहिलं होतं. ताईला तिनं सुईत दोरा ओवायला शिकवलं, बस तेवढंच. पुढचं सगळं ताई उस्तादांकडे शिकली असं ताई सांगे, आम्हीही सांगत असू. आईचे केस कमरेपर्यंत होते, आणि दुपारी सगळे बाहेर गेले की ती खिडकीत बसे, हे मला आठवत होतं. ती तिथे काय करते हे विचारावं असं आम्हा कोणाला कधी वाटलं नाही. शेवटी शेवटी तिचे केस पांढरे झाले होते. कोटातले झाले नव्हते.

"सोळा उभे," ताई सुईच्या टोकानं मोजत होती, "चौदा आडवे. गाठ नाही."

"म्हणजे हे काम तुमच्यापेक्षा चांगलं आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

मी टेबलाखालून ताईच्या पायाला पाय लावला. माझ्या धंद्यात या प्रश्नाला एकच उत्तर आहे.

"हो," ताई म्हणाली. "केस घसरतो. लोकर लोकरीला धरून राहते, केस कशालाच धरत नाही. आणि हे कोपर आहे, दिवसातून शंभरदा वाकतं. तिथे तो चाळीस वर्षं राहिलाय. मला नसतं जमलं."

माझ्या डोळ्यांपुढे पँटींची थप्पी आली.

बाई मात्र आत गेल्या आणि एक मखमली झगा दोन्ही हातांवर आडवा घेऊन आल्या. गळ्याशी बोट ठेवलं. ताईनं भिंग लावलं.

"इथेही केस आहे," ती म्हणाली. "पिंगट. तीन जागी तुटलाय. आत्ता धरला नाही तर गळा जाईल."

"अकरा वर्षं मी येईल त्याला विचारते, हे काय आहे," बाई अध्यक्षांना म्हणाल्या. "सगळे सांगतात, रेशीम. सकाळी त्या दोघांनीही रेशीमच सांगितलं."

"पण ह्यांचं स्वतःचं काम तर आपण पाहिलंच नाही," अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी कोट पुन्हा कडेपासून कडेपर्यंत भिंगाखालून नेला. त्याला वीस मिनिटं लागली.

"नाही सापडत," त्या म्हणाल्या, आणि कोट ताईच्या हातात दिला. "सोमवारपासून या."

जिना उतरताना मी कोटासाठी हात पुढे केला. ताईनं तो दिला नाही. डाव्या बाहीचं कोपर तिनं मुठीत धरलं होतं.

"आईनं कधी सांगितलं कसं नाही?" मी म्हणालो. "निदान बाबांना तरी?"

"गिऱ्हाईकाचं भोक बाहेर सांगायचं नाही," ताई म्हणाली. "बाबांना तर नाहीच."

उरलेल्या दोनशे त्र्याण्णव प्रतींच्या आतलं एक पान कोरं होतं. ताई आता कपडेपटात त्यांवर धाग्यांची नोंद ठेवते. डागदर त्या परत मागायला दोनदा येऊन गेला, तिनं दिल्या नाहीत. पहिल्या प्रतीवरची नोंद मी पाहिली आहे: काळा कोट, डावं कोपर, उभे सोळा, आडवे चौदा, केस. पुढे काम करणाऱ्याच्या नावाची जागा तिनं रिकामी सोडली होती.

"लिही की," मी म्हणालो.

तिनं पेन उचललं, जरा वेळ धरलं, आणि टोपण लावून ठेवून दिलं.